रायफलीला लावलेलं कुंकू

एकादशीची केळी घेऊन मी न्यूझीलंडमधल्या पापाटोएटोच्या स्टेशनवर बसले होते. शेजारी एक बाई लेकाशी बोलत होत्या.

“श्रीनाथ, तुझ्या केटीच्या आजोबांची जर्मन रायफल मी बिघडवली ना रे? खंडेनवमीला शस्त्र दिसलं, पुजलं. कुंकू काही निघेना.”

“आई, म्युझियमवाले म्हणाले, रायफलीवर कोरलेला नंबर पार झिजला होता. कुंकू आकड्यांत बसलं, म्हणून वाचता आला.”

“म्हणजे?”

“तोच नंबर आजोबांच्या युद्धातल्या डायरीत आहे. रायफल लढाईत जर्मनांकडून मिळवली असं ते सांगायचे, तर घरचे त्यांना आयुष्यभर थापाड्या म्हणायचे.”

“मग सूनबाई रागावली नाही?”

“उलट रडली. विचारतेय, तुला वाकून नमस्कार कसा करायचा?”

“मला कशाला? आजोबांच्या फोटोला कर म्हणावं. मीही करते तिच्याबरोबर.”