सोय बघून

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर दाटीवाटीने विराजमान झालेले व्यवस्थापकसाहेब व संघटनेचे पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती चालेलराव, वहिनी, आणि चहाच्या चिंतेत असूनही चेहरा गंभीर ठेवणाऱ्या मित्रहो,

आपल्या या रंगाच्या कारखान्यात छटा तपासायच्या खिडकीपाशी ज्यांनी सगळी नोकरी काढली, त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुणाला ठाऊक आहे? नमुना समोर धरला की एकच शब्द, 'चालेल'. नाहीतर दोन, 'नाही चालणार'. शेजारच्या टेबलावर बसून मी चौथा शब्द फारसा ऐकलेला नाही. मुलगी बघायला गेले तेव्हा हे गृहस्थ काय म्हणाले असतील? वहिनी हसताहेत, म्हणजे अंदाज बरोबर आहे.

वहिनी शाळेत भूगोल शिकवायच्या. सगळं जग फळ्यावर टांगून छडीच्या टोकाने दाखवलं, स्वतः मात्र पाहिलं नाही. निवृत्त झाल्या आणि म्हणाल्या, "आता जाऊ या." चालेलराव म्हणाले, "जाऊ, सोय बघून."

सोय बघणं काय असतं, ते यांच्याकडून शिकावं. गर्दीचा मोसम नको. एका गावी निदान आठवडाभर मुक्काम हवा, धावपळ नको. हॉटेलला लिफ्ट हवी, जवळ डॉक्टर हवा. आधी हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे, मग माझी निवृत्ती होऊ दे. सोय अशी एकेक जुळत आली आणि तिकडे वहिनींचे डोळे जात राहिले. आज सगळं जमलंय. चार महिन्यांचा परदेश प्रवास, आरामशीर, बेताचा, नाव ठेवायला जागा नाही. फक्त वहिनींना आता उजेड कुठल्या बाजूला आहे, एवढंच कळतं.

आणि अशा जोडप्यासाठी आपल्या निरोप समितीने भेट काय आणली? दुर्बीण. दुकानदार परत घ्यायला तयार नाही, मी विचारून आलो.

तिकिटं रद्द करायची, असं चालेलरावांनी मध्यंतरी ठरवलं, तेव्हा मी त्यांच्या घरीच होतो.

"का म्हणून?" वहिनी म्हणाल्या. "तुमचे डोळे शाबूत आहेत ना? खिडकीशी तुम्ही बसा. बघा आणि सांगा."

"मला नाही सांगता येणार."

"अहो, न पाहिलेला समुद्र मी वर्गावर वर्ग सांगत आले. तुम्हाला पाहिलेला सांगता येत नाही? आत्ता आभाळ कसं आहे, सांगा बघू."

चालेलराव खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. आता 'चालेल' येणार, म्हणून मी कप खाली ठेवला. ते म्हणाले, "आपलं स्वयंपाकघर."

बाहेरच्यांना हे कळणार नाही. यांचं अख्खं घर आपल्याकडच्या नापास मालाने रंगवलेलं आहे. ज्या डब्यांना हे 'नाही चालणार' म्हणाले, ते सगळे त्या भिंतींवर चालले.

"नवं असतानाचं, की धूर बसल्यावरचं?" वहिनींनी विचारलं.

"धूर बसल्यावरचं. खिडकीवरचा कोपरा."

"म्हणजे पाऊस येणार." वहिनी खूश झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "एक करा हं. बैठकीची खोली सांगू नका. पिवळा आता मला आठवत नाही."

चालेलराव म्हणाले, "चालेल."

मित्रहो, त्यांच्या तोंडून तो शब्द खोटा पडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

तेव्हा, वहिनींच्या आठवणीतल्या भिंती एकेक करून पुसल्या जात आहेत. हिरवा आहे, निळा आहे, तोवर जायचं. आता कोणी सोय बघायला सांगू नये.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं आणि माईकनेही साथ दिली, दोघांचा आभारी आहे. बोलण्यात रंग कुठे जास्त पडला असेल, कुठे पातळ झाला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या.

वहिनी, एक राहिलं. सभागृह उभं राहिलंय.

चालेलराव, ती दुर्बीण ठेवा खाली. कोण कोण उभं आहे, कसं उभं आहे, ते आधी सांगा त्यांना.