दंडावरचं नाव

चहा घे, सांगतो. सखूच्या आधी माझं लग्न चंद्रा नावाच्या मुलीशी ठरलं होतं. आनंदाच्या भरात मी दंडावर तिचं नाव गोंदवलं, आणि महिन्याभरात ते लग्न मोडलं. पुढे सखू बायको होऊन लालबागला आली. तिला वाचता येत नव्हतं, पण चाळीत वाचणारे होते. म्हणून मी नळावर अंघोळसुद्धा सदरा घालून करायचो.

शेवटी ठाकूरद्वारच्या गोंदणाऱ्या बाईला गाठलं. ती म्हणाली, "बाबा, गोंदण काही पुसत नाही. झाकून देते." तिनं नावावर तुळशीवृंदावन काढलं.

घरी येईपर्यंत दंड एवढा सुजला की सखूनंच सदरा उतरवला. मी सगळं कबूल केलं. ती माझे दोन्ही हात, पाठ, पोट निरखत राहिली आणि एकदम रडायला लागली. मला वाटलं, आता ही माहेरी जाणार.

"म्हणजे तुम्हांला कोड नाही?"

"कोड? नाही गं!"

"वर्षभर देवाला नवस बोलतेय मी!" तिनं डोळे पुसले. "आणि चंद्रीला तर तुळशीखाली पुरलीत. मग घाबरता कशाला? थांबा, हळद आणते."