वाळूच्या पोत्याची जागा

हॅलो?… हॅलो… हां चिमे, बोल… अगं हळू. एकेक शब्द बोल, इथे वारा आहे… कोण बुडालं?… थोरली? कोणी सांगितलं तुला?…

बेकरीवालीने फोटो टाकला… तिला भट्टी सांभाळायची सोडून हेच उद्योग. अगं, तो फोटो सोमवारचा आहे. आणि होडी बुडाली नाही, बुडवलीय. आम्हीच बुडवली. भिजत घातली होती… विसरलीस की काय?…

हो… हो… अगं ऐक ना. सहा महिने शेडमध्ये कोरडी पडून राहिली की फळ्या आकसतात. सांध्यांतून उजेड दिसतो. मग हंगामाच्या आधी आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवायची, लाकूड फुगतं, सांधे बसतात… हां, आठवलं ना? आपण तिच्यात जाऊन बसायचो, गळ्यापर्यंत पाण्यात, आणि तू येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायचीस, वाचवा वाचवा म्हणून. पोस्टमन एकदा सायकल टाकून धावत आला होता…

आप्पांनी काय करायचं? आलाच आहेस तर हा दोर धर म्हणाले. तो पुढची तीस वर्षं दोर धरूनच होता. आपल्या क्लबात माणसं अशीच आली गं, फॉर्म भरून कोण आलंय…

नाही, आता ठीक आहे थोरली. म्हणजे, बघू… अगं, यंदा घोळ झाला. एक नवे मेंबर आलेत, ट्रॅफिक पोलिसातून रिटायर झालेले. माणूस सोन्यासारखा. मंगळवारी पहाटे फिरायला आले, बघतात तर होडी बुडालेली. झालं. चौघांना गोळा केलं, पाणी उपसलं, होडी वर ओढली, फडक्याने पुसून कोरडी केली आणि दिवसभर उन्हात पालथी घातली. वर मला फोन, मॅडम, माझं लक्ष गेलं म्हणून वाचली…

काय बोलणार? थँक्यू म्हटलं… अगं, फुकट राबणारा माणूस आहे. त्याला बोलले तर उद्या येईल का? संध्याकाळी गुपचूप पुन्हा बुडवली. पण आधीचे सगळे दिवस वायाच गेले ना…

आत्ता? आत्ता मी थोरलीतच बसलेय… हो, पाण्यात. धक्क्याला बांधलीय. तपासणी चाललीय. नियम तोच, होडी पूर्ण उपसायची, जितकी माणसं नेणार तितक्यांचं वजन आत ठेवायचं आणि अर्धा तास थांबायचं. तळाच्या आडव्या पट्ट्यांवर पाणी चढलं की नापास. नापास झाली तर रविवारी बाहेर काढायची नाही… दातांचे डॉक्टर. यंदा ते काम त्यांच्याकडे आहे. घड्याळ घेऊन उभे आहेत धक्क्यावर, आणि पेशंटच्या दाढेकडे बघावं तसं वाकून तळाशी बघतायत…

थांब हं. काय डॉक्टर?… अकरा मिनिटं झाली म्हणतायत. थोडं पाझरतंय, पण पट्ट्या अजून वर आहेत.

आप्पा ना, मागे बसलेत, सुकाणूपाशी. दुसरीकडे कुठे बसणार ते… छान आहेत. म्हणजे आहेत तसेच. सकाळपासून चार वाक्यं बोललेत, त्यातली दोन मला होती आणि ती काही कौतुकाची नव्हती…

हो, तिघंच. थोरलीला तिघं लागतात, त्यात काय बदलणार… तिसरं कोणी नाही गं. वायरमन येणार होता, त्याला कुठलातरी मीटर जळाल्याचा फोन आला, गेला. मग तुझ्या जागेवर वाळूचं पोतं ठेवलंय… पन्नास किलो… ते मलाही माहीत आहे की तू आता पन्नासची नाहीस. पण आप्पांनी पन्नासच भरायला सांगितलं. त्यांच्या हिशेबात तू अजून एकोणीसची आहेस…

हस, हस. पण पोतं तुझ्यापेक्षा गुणी आहे. बसवलं तिथे बसतं, उलट बोलत नाही.

काय?… वास? येतो ना. तोच येतो. परवा शेडचं कुलूप काढलं, दार ढकललं, आणि जुन्या वॉर्निशचा भपकारा आला बघ, मी तिथेच उभी राहिले. मला वाटलं आता आई मागून ओरडणार, चपला बाहेर काढा… अगं हो, शिवणयंत्र. शीड शिवायला बसली की ते पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत पसरलेलं असायचं. आपण चार दिवस भिंतीला चिकटून चालायचो. एकदा तू शाईच्या पायांनी शिडावरून गेलीस, आणि मग हंगामभर तळ्यावरच्या सगळ्यांना लांबूनच कळायचं, ती बघा थोरली आली, पाऊलवाली…

ते शीड? फाटलं ना गं मागेच. तुकडा आहे माझ्याकडे. पावलांचाच.

तुला आठवतं का, हंगामाच्या पहिल्या दिवशी आप्पा आपल्याला झोपेतून उचलूनच आणायचे. तुझी वेणी तर आई होडीत बसल्यावर घालायची, धक्क्यावरून वाकून. आणि मग आप्पा म्हणायचे, सोडा. बस, तेवढंच. आपण दोर सोडायचा आणि पंधरा-सोळा होड्या मागे थांबलेल्या. आपण तळ्यात तरंगणाऱ्या त्या लाल पिंपाला वळसा घालून येईपर्यंत एकही होडी निघायची नाही. मला वाटायचं, सगळं जग आपल्यासाठी थांबलंय. तेव्हापासून कशातच तेवढी मजा नाही आली गं मला. लग्नातसुद्धा नाही… नको सांगूस आमच्या ह्यांना.

अजूनही तीच पद्धत. सगळ्यात जुनी होडी आधी, मग बाकीच्या… रविवारी सात वाजता.

चिमे, ये ना गं.

अगं, तू दर वर्षी हेच सांगतेस… कोण पाहुणे?… नवऱ्याचे मामा. ते काय, एक दिवस तुझ्यावाचून उपाशी राहणारेत? सांग त्यांना, बापाकडे चाललेय… बरं. बरं, ऐक. मी हे फोनवर सांगणार नव्हते. आप्पांचं यंदा शेवटचं आहे.

नाही नाही, तब्येतीला काही नाही… डोळे गं. दोन्हींनी आता कडाकडांचंच दिसतं, मधलं नाही. लाल पिंप मी सांगते तेव्हा कळतं त्यांना. मीटिंगमध्ये स्वतःच उभे राहिले, म्हणाले, एवढा एक हंगाम उघडून देतो, मग सुकाणू दुसऱ्या कुणाकडे द्या. आणि खाली बसले. बेकरीवाली तर रडायलाच लागली…

हो, इथेच आहेत, ऐकतायत. कान शाबूत आहेत त्यांचे. चेहरा मात्र असा केलाय की जणू मी हवामान सांगतेय कुणाला.

म्हणून म्हणते, एकदाच. आपण तिघं… ते माहीत आहे मला. बोलले होते ते. धक्क्यावर, सगळ्यांच्या देखत बोलले, या होडीत पुन्हा पाय ठेवायचा नाही. मी तिथेच होते. बावीस वर्षं झाली चिमे. घरी येतेस, त्यांच्या गोळ्या डब्यात भरून ठेवतेस, सदऱ्यांना इस्त्री करतेस, त्यांच्याशी तासन्‌तास पत्ते खेळतेस, आणि धक्क्याकडे ढुंकून बघत नाहीस. दोघंही एक नंबरचे हट्टी…

मान्य आहे… मान्य आहे गं, पुढच्या महिन्यात तुझी स्पर्धा होती, तीही गेली. पण तुम्हा दोघांच्या भांडणात माझं काय झालं, कधी विचारलंस? माझी जोडीदार गेली ना. वायरमन बिचारा चांगला आहे, पण त्याला मी न सांगता काही कळत नाही. तुला मी कधी सांगायचे का, आता ओढ म्हणून? मी क्लबची सेक्रेटरी, पन्नास माणसं माझ्या शिट्टीवर हलतात, आणि पहिल्या दिवशी त्या लाल पिंपाशी आले की मला दर वर्षी रडू येतं. वाऱ्याने पाणी येतं डोळ्यांत असं सांगते सगळ्यांना…

बरं, आता तूही नको सुरू करूस.

थांब… एकवीस. एकवीस मिनिटं म्हणतायत डॉक्टर.

हे बघ, त्या दिवशी वारा वाढला होता, न विचारता तू एकटीने होडी काढलीस, वळवताना घाई केलीस, डोलकाठी मोडली. झालं ते झालं. पोरांकडून होतं असं… नव्हती केली घाई?… अगं, धक्क्यावरून सगळ्यांनी पाहिलं. तू वळलीस आणि काठी मोडली… बरं बाई, नव्हती तुझी चूक. आपोआप मोडली. आता त्याचं… काय आप्पा?

काही नाही, जुनंच बोलतोय आम्ही… काय पाहिजे? फोन? तुम्हाला?… चिमे, एक मिनिट, आप्पा फोन मागतायत… मला काय माहीत. आयुष्यात कधी मागितला नाही. अहो, बसूनच घ्या, उठू नका, होडी हलते. धरा. कानाला लावा… हं, बोला.

हॅलो… हां. मी, आप्पा… येतंय ऐकू. तू बोलू नको जरा, मला बोलू दे.

ती घाई तुझी नव्हती… काठी तुझ्यामुळे मोडली नाही, असं म्हणतोय. काठीला बाजूने धरणारी तार असते ना, डावीकडची. तिच्या कडीत पिन घालायची असते, नाहीतर वळताना तार निसटते. त्या दिवशी सकाळी मी तार लावली आणि पिन तोंडात धरली. सुतारकामाची सवय. मग आईने चहाला हाक मारली, म्हणून तोंडातली काढून खिशात टाकली… हं. घातलीच नाही ती. विसरलो.

रात्री सदरा काढताना सापडली… हो. त्याच दिवशी.

हो, तेव्हाच कळलं मला… तुझ्या आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, आत्ता जा, पोरीला उठवून सांगा. मी म्हटलं, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी तू बोलत नव्हतीस. मग राहिलंच. जितके दिवस गेले तितकं जड होत गेलं… सगळ्यांदेखत ओरडलो होतो ना तुला.

हं… हं… बोल. बोल, मी ऐकतोय.

हं… खरं आहे.

नाही, माझं काही म्हणणं नाही. चूक माझी. हे रविवारी धक्क्यावर सांगणार आहे मी, सगळ्यांदेखत. तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी… एवढंच. आता ताईशी बोल… हे घे गं.

हॅलो… मी आहे… नव्हतं माहीत. चिमे, तुझी शपथ, मलाही आत्ता कळलं. मी काय आत्ता तुलाच दोष देत नव्हते का, बावीस वर्षं देत आलेय… मला माफ कर गं.

समोर बघतायत. हात सुकाणूवर आहे.

राग येणारच. यायलाच पाहिजे. मलाही आलाय. अख्खा हंगाम त्यांच्याशी बोलू नये असं वाटतंय, आणि लाईफ जॅकेटचा बंद सुटलाय त्यांचा तो बांधावासाही वाटतोय… हो… हो… अगं, मग रागाव ना, पण इथे येऊन रागाव. समोर उभी राहा आणि काय ते बोल. ते ऐकतील. आज पहिल्यांदा ऐकतील…

मी जबरदस्ती नाही करत. तू ठरव.

काय डॉक्टर?… झाला अर्धा तास? बघा नीट. पट्ट्या?… कोरड्या आहेत म्हणतायत, चिमे. पास. थोरली पास झाली… त्या पोलिसांनी पुसली तरी.

हो, सात वाजता… तेच, सातच्या ठोक्याला… काय विचारलंस?… येते, हो, अजून येते. पाच पन्नासला पोचते… हॅलो?… हॅलो, चिमे?…

कट झाला… नाही हो आप्पा, रागावून नाही ठेवला, इथे रेंजच अशी आहे… शेवटी ना? विचारत होती, पहाटेची बस अजून धक्क्यापर्यंत येते का.