मानाचा नारळ आणि निळं बटण

मंडळी, बसा, सावरून बसा. आज देवाच्या दारात उभं राहून एक प्रश्न विचारतो. दार उघडं आहे असं ज्यानं पाटीवर लिहिलं, त्यानं ते खरंच उघडलंय का? माझा नाही बुवा विश्वास! पाटी दिसली की मी आधी कडी हलवून बघतो.

ऐका तर. कोकणात नितळे नावाचं गाव. तिथं श्री नितळेश्वराचं देवस्थान. जत्रेत पहिला नारळ फोडायचा मान आरोलकरांच्या घराचा. रीत अशी कडक, की मानकऱ्यानं तो दरवर्षी स्वतः मागायचा. त्याच्यासाठी दुसऱ्यानं मागितला की मान त्या दुसऱ्याचा झाला! थोरले आरोलकर वारले. घरात उरली एकटी लेक, कुमुदिनी. कॉलेजात इतिहास शिकवते. जन्मापासून डोळ्यांनी दिसत नाही. फोन तिला पडद्यावरचं वाचून दाखवतो, त्यावर ती सगळा कारभार करते.

आता देवस्थान सुधारलं! मान मागायचा तो वेबसाइटवर. मुदतीत मागितला नाही, तर पुढच्या घराला जाणार. पुढचं घर कुणाचं? अध्यक्षांच्या चुलत्याचं! का हो, खाकरलात का? मलाही तसंच खाकरायला झालं होतं.

कुमुदताईंनी वेबसाइट उघडली. पुढं सरकेचना. त्यांनी कळवलं, की मला मान मागता येत नाही, वेबसाइट दुरुस्त करा. अध्यक्ष बापूसाहेब तेंडोलकर म्हणाले, अशक्य! आम्ही कायदा पाळलाय. कसा पाळला? संगणकवाल्यानं त्यांना चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेलं एक निळं बटण विकलं होतं. म्हणाला, हे वेबसाइटच्या कोपऱ्यात लावा, कायदा पाळला गेला. बापूसाहेबांनी संगणकाला हार घातला, उदबत्ती ओवाळली, आणि संपलं!

कायदा काय म्हणतो? आपल्या देशात दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे. तो म्हणतो, सरकारी असा नाहीतर खासगी, लोकांना सेवा देता ना? मग ती सगळ्यांना वापरता आली पाहिजे. त्याचे निकष ठरलेले आहेत. चित्र असेल तर त्यात काय आहे ते शब्दांत सांगा. बटणाला नाव द्या. माऊस नसला तरी काम झालं पाहिजे. निकषांत हार कुठंच नाही!

पण देवस्थानाच्या समितीला संशय कुणाचा? स्वतःचा? छे! बाईंचा! मेसेजला एवढं झटपट उत्तर देते, म्हणजे हिला दिसतंय. विरोधी गटानं पाठवली असणार. बैठकीला बोलावलं, तेव्हा एक सभासद हळूच तिच्या डोळ्यांपुढं हात हलवून गेला. ती शांतपणे म्हणाली, "हात खाली घ्या. वारा लागतोय."

तरी समाधान नाही. मग काय केलं असेल? मंडळी, त्यांनी देवाला कौल लावला! देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवानं गाऱ्हाणं घातलं: देवा, आमची वेबसाइट ठीक आहे का? पडली की उजवी! गाभाऱ्याच्या उजव्या अंगाला पंखा चालू होता. एवढंच सांगतो, पुढं बोलत नाही.

बापूसाहेब म्हणाले, झालं, देवानंच सांगितलं. कुमुदताई उठल्या. "कौल देवाचा, बापूसाहेब. वेबसाइट तुमची. तिच्याबद्दल देवाला कशाला विचारता? तिलाच विचारा."

त्यांनी फोन देवापुढं ठेवला, आवाज मोठा केला आणि देवस्थानाची वेबसाइट उघडली. सगळे कान देऊन. फोन बोलू लागला: "चित्र. बटण. बटण. चित्र. बटण." कसलं चित्र? कसलं बटण? मान मागायचं बटण यातलं कोणतं? त्या निळ्या बटणालासुद्धा नाव नव्हतं! जिच्यासाठी ते लावलं, तिलाच ते कळत नव्हतं.

गुरवानं मान खाली घातली. बापूसाहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "ताई, देवाशपथ सांगतो, तुमचा मान काढून घ्यायचा आमचा डाव नव्हता."

"डाव असता तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "निदान कुणाच्या तरी डोक्यात मी आले असते."

मंडळी, हे वाक्य ऐकलं आणि माझा सगळा संशय गळून पडला. मी डाव शोधत होतो. डाव नव्हताच. कुणी कडी हलवून बघितलीच नव्हती, आणि ते मला डावापेक्षा वाईट वाटलं. पुढं मुदत वाढवली, बटणांना नावं दिली, ताईंनी आपला मान आपल्या हातानं मागितला आणि जत्रेत नारळ फोडला.

तुम्ही हसलात नितळ्याच्या समितीला. हसा. आता इकडं बघा. तुमच्यात शाळा चालवणारे आहेत, पतपेढीवाले आहेत, दवाखानेवाले आहेत. आपापल्या वेबसाइटवर डोळे मिटून, फोनच्या आवाजावर कधी गेलात? आणि या कीर्तनाचं आमंत्रण तुम्ही कसं धाडलंत? मला आलं ना! रंगीत चित्र. फुलं, समई, माझा फोटो, आणि त्या चित्रातच वार, वेळ, ठिकाण. सोबत एक ओळ शब्दांत लिहिली नाहीत. एखाद्या न दिसणाऱ्याच्या फोननं ते वाचलं असेल "चित्र", आणि गप्प बसला असेल.

हा मंडप भरलाय म्हणता? माझा तुमच्यावर संशय आहे. देवाचं नाव घेण्याआधी शेजारच्या मोकळ्या जागेकडं एकदा बघा, आणि सांगा मला, आज इथं कोण आलेलं नाही?