वजू आणि बांगडे

नमाजी नवरा असावा, पण आमच्या ह्यांच्यासारखा नको बायांनो. दुपारच्या नमाजाआधी हात-तोंड-पाय धुऊन वजू केला, की तोच पुढच्या नमाजापर्यंत लोणच्याच्या बरणीसारखा जपायचा.

परवा पाहुणे यायचे होते. मी साफ करायला बांगड्यांची टोपली पुढे केली, तर म्हणतात, "माका वजू आसा गो. माशांच्या रगतान तुटात."

"माशांच्या रगतान तुटणा नाय. गाढ झोपलास तर तुटता," म्हटलं, आणि टोपली त्यांच्या खुर्चीशी ठेवून मसाला वाटायला गेले.

परत येऊन बघते, तर हे खुर्चीत मान टाकून घोरतायत आणि मांजर तोंडात बांगडा धरून कुंपणावर.

"उठा. वजू तुटलो. आता मासे साफ करा."

"मी झोपलंय खंय? नुसतो डोळे मिटान बसलंय."

"जागे होतास? मग मांजराक बांगडो तुमीच दिलास?"

माणूस गुपचूप उठून नळावर गेला. मला वाटलं, चला, आता तरी सुरी हातात घेतील. तर ओल्या हातांनी परत येऊन खुर्चीतच बसले.

"आता माशांचा नाव काढू नको गो. वजू ताजो आसा."