पेटवेची बॅट

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या गावच्या महापौर माननीय श्रीमती ऑपल रिटनोर, व्यासपीठावरील क्लबचे पदाधिकारी, पास्टर लूमिस, आणि पोर्क सँडविच निवत असतानाही खुर्च्या न सोडणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

एकतीस वर्षं मी या बेसबॉल क्लबच्या फलंदाजांना शिकवलं. आत्ताच कुणीतरी म्हणालं, स्टुकी कोचनी माणसं घडवली. खरं सांगू? मी चेंडू उचलले. कंबर त्यातच गेली. थकलोय, त्यामुळे सजवून बोलणं जमणार नाही. एकाच माणसाबद्दल बोलतो.

एकोणीस वर्षांपूर्वी हॉलिस पेटवे आपल्याकडे आला. वय एकोणतीस. मोठ्या क्लबनं सोडलेला. ताकद बैलाची, पण घाई फार. चेंडू यायच्या आधीच पुढचा खांदा उघडायचा, आणि बाहेरचा चेंडू लागलाच तर सरपटत जायचा. मी त्याला टीसमोर उभं केलं. म्हणजे कमरेएवढी रबरी दांडी, तिच्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. चेंडू हलत नाही, त्यामुळे दोष द्यायला कुणी उरत नाही.

"कोच, हे माझ्या पाच वर्षांच्या पोरीचं खेळणं आहे."

"मग तिलाच विचार कसं मारायचं. ती तरी खांदा उघडत नसेल."

टी बाहेरच्या कडेला, जरा मागे ठेवली. चेंडू समोरच्या जाळीच्या उजव्या कोपऱ्यात गेला तरच मोजायचा. रोज सकाळी दोनशे. पहिल्या आठवड्यात दांडीच जास्त बडवली गेली. तो शिव्या द्यायचा, मी चेंडू ठेवायचो. सोळाव्या दिवशी आवाज बदलला. नीट बसलेल्या फटक्याचा आवाज काय असतो, हे इथल्या निम्म्या लोकांना मी सांगायला नको.

त्याच दुपारी आमचे तेव्हाचे मॅनेजर लिंडक्विस्ट मला म्हणाले, "पुढच्या रविवारी पेटवेला सोडतोय. नवा पोरगा ठरलाय. तोवर तोंड उघडू नकोस, मला शनिवारच्या सामन्याला फलंदाज हवाय."

दुसऱ्या दिवशी चेंडू गोळा करता करता हॉलिसनं विचारलं, "कोच, मेव्हण्यानं काउंटीच्या रस्ते खात्यात माझ्यासाठी जागा धरून ठेवलीय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. काय करू?"

काय बोलायला हवं होतं? तुम्हाला कळतंय, मलाही कळत होतं. मी म्हणालो, "थांब. आत्ता कुठे बॅट वळायला लागलीय."

लिंडक्विस्टचा हुकूम होता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते आता वारले, त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे. पण खरं कारण वेगळं. मला ती बॅट पुरती वळलेली बघायची होती.

शनिवारी त्यानं बाहेरचे दोन चेंडू मैदानाच्या उजव्या भिंतीवर नेऊन आदळले. दोन्ही वेळा धावत दुसऱ्या बेसपर्यंत पोचला आणि तिथून माझ्याकडे बोट केलं. रविवारी त्याला बोलावून काढून टाकलं. रस्त्यांची जागा तोवर दुसऱ्याला गेली होती. तो हिवाळा त्यानं शीतगृहात मांसाची खोकी उचलण्यात काढला. जाताना मला एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हणालो. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

आजचं निमंत्रण मी स्वतःच्या हातानं लिहून धाडलं. तो आलेला नाही. त्याची बायको व्हर्नेल मात्र दोनशे मैल गाडी चालवून आली आहे. त्या बघा, दाराजवळ बसल्या आहेत. मघाशी मी विचारलं, "हॉलिस काय म्हणाला?"

त्या म्हणाल्या, "म्हणाले, माफ केलेलं नाही म्हणून सांग. आणि हेही सांग, की त्या शनिवारसारखी बॅट माझ्या हातून आधी कधी फिरली नव्हती."

दोन्ही निरोप मला पोचले, व्हर्नेलबाई. दोन्ही घेऊन घरी जातो.

अध्यक्षांचे, क्लबचे, आणि स्वयंपाकघरात सकाळपासून राबणाऱ्या बायकांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर तेवढ्यापुरती तुम्ही मला माफी द्या. बाकीची मागायचा हक्क मला नाही. बसतो आता.