जरा जड दाखवा

खुंटा म्हंते मला! ऐकलं का शेठ — आत्ता फोनवर, बायको माझी, दैवशाला — म्हंते तुमी कॉम्प्युटर आनायला न्हाई गेले जालन्याला, सुनेला बांधायला खुंटा आनायला गेले! मी? अरे, शेरडाला बी दावं सैलच बांधनारा मानूस मी! दिला कापून. फोन कापला, फोन. — बसतो, बसतो. चहा नको. चहा पाजून भाव चढवायची रीत आमच्या बाजारात बी हाय. शेळ्या-मेंढ्यांचा धंदा आपला, जाफराबादला, स्टँडच्या बाजूला गाळा हाय — हापिस म्हना. कारभारी नाव. तं दाखवा हापिसासाठी एखादं. जरा जड दाखवा.

हे? हे तं एका हातानं उचललं की! कोकरू जड राहतं शेठ याच्याहून. त्यो डबा दाखवा, खाली ठेवलेला — हां! याला म्हंते मशीन! कमरंत कळ आली बराबर. त्याची ती रॅम का काय, किती? आठ? न्हाई न्हाई, आठ बिलकुल नको. बोकडाचं वय दातावर राहतं, आठ दाती झालं की चाललं म्हातारपनाकडं, भाव पडला. चार दाती द्या, ऐन जवानीतलं. — हसता कामून? जादा आकडा म्हंजे जादा जोर? सोळा आजून तगडं? मंग उलटंच हाय तुमचं जनावर! द्या, सोळा दाती द्या — पन जड.

जड कामून म्हंजे? चोरी होते म्हनून. वस्तू हलकी आसली की गेलीच. — सून काय म्हनली? ती काय, 'मामा, हलकं आना, पिशवीत मावंल आसं.' शिवकन्या नाव तिचं. हापिस तीच पाहते. पोरगं माझं, अंगद, पुन्याकडं कंपनीत हाय — आता खोली भेटली त्याला, तं... भेटली. भेटू द्या. मला काय त्याचं! — पोरगी लई गुनाची हो. मागं हैदराबादचा एक व्यापारी आल्ता, माझ्या बोकडाला मरतुकडं म्हनला. मी धरली गचांडी. धरनारच! तं ही म्हंते, 'मामा, तुमी जरा चक्कर मारून या.' बस, येवढंच. मी चक्कर मारून आलो तं त्यो चहा पिऊन राह्यल्ता आन्‌ टेम्पो भरायचं ठरलेलं. तिच्याआधी आमच्या गाळ्यात दुसऱ्यांदा आलेलं गिऱ्हाईक मी पाहिलंच न्हाई, खोटं कशाला बोलू. ती गेल्यावर मला बाहेर कोन काढंल? — म्हंजे चक्कर मारायला कोन धाडंल, आसं म्हनतो. तुमी मशीनचं बोला ना! आता हे जड मशीन टेबलावर बसलं, तारा भिंतीत गेल्या, मंग मानूस मशीन सोडून कसं जाईल? चार दिवस तं थांबंल का न्हाई? थांबंलच की! थांबंल म्हनूनच तं मी —

च्यायला. खुंटाच झाला की हो ह्यो. बराबर बोलली बायको.

काय? काय म्हनले? हलकं मशीन घेऊन ती पुन्याला बसली तरी बिल जाफराबादला निघतंय? बटन तिकडं आन्‌ कागद इकडं? थट्टा करू नका शेठ, मी तापट मानूस हाय. दाखवा! तुमच्या मोबाईलवरून काढा पाहू, त्या कोपऱ्यातल्या प्रिंटरातून. मी इथून हालत न्हाई — आयला! आयला, निघाला की! कुनी हात बी न्हाई लावला! गरम हाय हो कागद, आत्ता धार काढल्यावानी. मंग परवा जेवताना हेच सांगून राह्यल्ती ती, 'मामा, ऐकून तं घ्या' — आन्‌ मी ताट सरकवून उठलो. ऐकून घेतलं आसतं तं येवढं जड उचलावं तरी लागलं नसतं.

आसं करा मंग. ते हलकंच द्या, सोळा दाती. पिशवी चांगली पाहा, पट्टा खांद्याला रुतायला नको, यष्टीत उभं राहायची पाळी येते कदी. आन्‌ प्रिंटर माझ्या गाळ्याला. त्यो मात्र जड पाहिजे, आवाज करनारा. सकाळी कुरकुरला, कागद बाहेर आला, की समजायचं — पोरगी बसली कामाला, नीट हाय. आन्‌ हो — मी कुनावर तापलो आन्‌ तिनं तिकडून लिहून धाडलं, 'मामा, चक्कर मारून या', तं ते बी निघंल का याच्यातून? निघंल? मंग झालं तं!

आता भाव. ती पाटी मी वाचलेली न्हाई, 'एकच भाव' का काय ते. आमच्यात भाव तोंडानं करत न्हाईत. हातावर रुमाल टाकायचा, खाली बोटं दाबायची, दोघांतलं दोघांत राहतं. ह्यो काढला रुमाल. — डोळे पुसायला न्हाई काढला शेठ, तिकडं काय पाहता! हात घाला. जल्दी. घाला म्हनतो ना!